गाळलेले पाणी आणि न गाळलेली हवा



पाणी गाळून प्यावे, ही गोष्ट आपल्यापैकी कुणालाही पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडके बांधून पाणी ओतणारी आजी आपण सर्वांनीच पाहिली आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे, ते उकळून ठेवणे, हेही घरोघर चालते. एक माणूस दिवसभरात दोन-तीन लिटर पाणी पितो. तोच माणूस त्याच दिवसात दहा हजार लिटरांहून अधिक हवा छातीत घेतो आणि सोडतो. ही हवा आपण कधी गाळून घेतली आहे काय? गाळणे तर दूरच. हवा ही गाळण्याजोगी वस्तू आहे, हा विचारच माणसाला फार उशिरा सुचला, आणि सुचल्यावरही तो कितीतरी वर्षे उंबरठ्याबाहेर तिष्ठत उभा राहिला. असे का झाले, ते या लेखात सांगावयाचे आहे. विषय विज्ञानाचा वाटेल, पण मी इतिहासाचा शिक्षक आहे, आणि मला यात यंत्रांइतकाच माणसांच्या समजुतींचा इतिहास दिसतो.

हवेने रोग होतो ही समजूत मुळीच नवी नाही. ग्रीक वैद्यांनी ती मांडली. इब्न सीना यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात आरोग्याच्या कारणांत हवेला मोठे स्थान दिले, आणि साथीच्या तापांचा संबंध हवा बिघडण्याशी जोडला. आपल्या घरातील वडीलधारी माणसे अजूनही साथीला 'वबा' म्हणतात, आणि वबा आली की 'हवा खराब झाली' असेही म्हणतात. युरोपातही तेच. मलेरिया हा शब्दच मुळी 'वाईट हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आलेला आहे. म्हणजे पूर्वेकडील काय आणि पश्चिमेकडील काय, सर्वांचे बोट हवेकडेच होते. मात्र हवेत नेमके काय बिघडते, हे कुणालाच दिसत नव्हते. डोळ्यांना दिसत नाही तेथे माणूस नाकावर विसंबतो. म्हणून जेथे दुर्गंधी तेथे रोग, असे सोपे समीकरण तयार झाले आणि ते एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले.

हवा शास्त्रोक्त गाळून पाहिली ती फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी, आणि तीही साध्या युक्तीने. एका नळीत त्यांनी विशिष्ट प्रक्रिया केलेल्या कापसाचा बोळा बसवला आणि त्यातून बाहेरची हवा बराच वेळ ओढली. हा कापूस अल्कोहोल आणि ईथर यांच्या मिश्रणात विरघळणारा होता. बोळा विरघळवल्यावर जो गाळ खाली बसला, तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात धूळ होतीच, पण सूक्ष्म जीवांसारखे गोल-लांबट कणही होते. पुढे १८६० साली ते आल्प्स पर्वतात एका हिमनदीपाशी गेले. उकळून बंद केलेल्या, चटकन नासणाऱ्या द्रवाच्या २० बाटल्या त्यांनी तेथील स्वच्छ हवेत उघडल्या आणि पुन्हा बंद केल्या. त्यांपैकी फक्त १ नासली. जुरा डोंगराच्या पायथ्याशी अशाच २० उघडल्या, तेथे ८ नासल्या. हवा सर्वत्र सारखी नाही, तिच्यात जिवंत काहीतरी असते आणि ते कापसात अडकते, एवढे यातून सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी १८७० साली अंधाऱ्या सभागृहात प्रकाशाचा झोत सोडून हवेतील धूळ श्रोत्यांना दाखवली, आणि कापसाच्या थरातून हवा घेतली तर ती गाळता येते असेही सांगितले. दुपारच्या कवडशात नाचणारे कण तुम्ही घरी पाहिले असतील, टिंडल यांचा प्रयोग तोच.

आता कुणालाही वाटेल की येथून पुढे रस्ता सरळ होता. पण इतिहास असा सरळ चालत नाही.

झाले असे की, जंतूंचा शोध लागल्यावर एकेका रोगाचा खरा वाहक सापडू लागला, आणि तो हवा नव्हता! कॉलरा पाण्यातून येतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ सालीच दाखवले होते. हवेच्या नावावर जगणारा मलेरिया डासांमुळे होतो, हे १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांनी शोधले. आणि प्लेगची गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. सरकारी अधिकाऱ्यांचा अजून घाण आणि कोंदट हवा यांवर विश्वास होता. म्हणून चाळींची कौले काढून आत उजेड-वारा घेण्यात आला, भिंतींना चुना लावण्यात आला, गल्ल्या जंतुनाशकाने धुण्यात आल्या. माणसांची बिचाऱ्यांची घरे उघडी पडली, पण प्लेग हटला नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून सांगितले की उंदरावरील पिसू हा रोग पसरवते. त्यांचे कुणी फारसे ऐकले नाही. शेवटी १९०५ सालापासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले. त्यांतला एक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिसवांनी भरलेल्या जागेत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला, आणि पिसू उडी मारून पोहोचणार नाही इतक्या उंचीवरचे वाचले. हवा तर दोघांनाही एकच होती. हवा निर्दोष सुटली.

हा निकाल बरोबरच होता. पण एका खटल्यात निर्दोष सुटलेला मनुष्य साऱ्याच खटल्यांत निर्दोष असतो असे नाही, आणि वैद्यकशास्त्राने नेमका तोच घोटाळा केला. १९१० साली चार्ल्स चेपिन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग बहुतांशी स्पर्शाने आणि जवळून उडणाऱ्या तुषारांनी पसरतात, हवेतून पसरण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लोक हवेला भिऊ लागले तर हात धुण्याचा कंटाळा करतील, अशी चिंता त्यांना होती. हेतू चांगला होता. परंतु त्या मतावर पुढील दोन-तीन पिढ्यांचे डॉक्टर वाढले.

त्याच १९१० सालच्या हिवाळ्यात चीनच्या उत्तरेला मांचुरियात, हार्बिन शहरी, प्लेगचीच भयंकर साथ आली. तेथे पाठवण्यात आलेले डॉ. वू लिएन-तेह हे मलायातील पेनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर होते. त्यांनी शवविच्छेदन करून निदान केले की हा प्लेग गाठींचा नाही, फुप्फुसाचा आहे, आणि तो उंदराकडून नव्हे तर माणसाच्या श्वासातून माणसाला होतो. त्यांनी गॉझच्या थरांत कापूस घालून नाकातोंडावर बांधायची जाड पट्टी तयार केली आणि ती सर्वांना बांधायला लावली. ज्यांना मुंबईचा धडा पाठ होता त्यांना हे पटेना, कारण प्लेग म्हणजे उंदीर आणि पिसू हे त्यांच्या मनात पक्के बसले होते. जेरल्ड मेस्नी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी वू यांचे म्हणणे धुडकावले आणि पट्टी न बांधताच ते रुग्णांना तपासू लागले. थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्यांचा प्लेगने मृत्यू झाला. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसे दगावली. एका शहरात खरा ठरलेला धडा दुसऱ्या शहरात घातक ठरला, असे हे उदाहरण आहे. पट्टीतला कापूस मात्र तोच, पाश्चर यांच्या नळीतला.

हवेचा खटला पुन्हा उघडला तो डॉक्टरने नव्हे, एका अभियंत्याने. विल्यम फर्थ वेल्स यांचे नाव शाळेच्या पुस्तकात तुम्हाला आढळणार नाही. पाणी आणि कालवे स्वच्छ ठेवण्याच्या कामातून ते हार्वर्ड विद्यापीठात आले. त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड वेल्स या डॉक्टर होत्या आणि या संशोधनात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. वेल्स यांनी प्रश्न विचारला तो असा : खोकल्यातून किंवा शिंकेतून उडालेल्या थेंबाचे पुढे होते काय? १९३४ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठा थेंब वाळण्यापूर्वीच जमिनीवर पडतो. त्याहून लहान थेंब मात्र पडण्याआधी हवेतच सुकतो, आणि त्याच्या आत जे होते ते एका अतिसूक्ष्म कणाच्या रूपाने तरंगत राहते. असा कण बंद खोलीत तासन्‌तास राहू शकतो आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर कोठेही जाऊ शकतो. खोकणारा माणूस निघून गेला तरी त्याचा खोकला खोलीत मागे राहतो, असे म्हणाना.

मग वेल्स पती-पत्नींनी फिलाडेल्फियाजवळील शाळांच्या वर्गांत, मुलांच्या डोक्यांच्या वर, छताच्या बाजूला अतिनील किरणांचे दिवे बसवले. वर चढलेली हवा त्या किरणांत निर्जंतुक व्हावी, हा उद्देश. १९४१ साली तेथे गोवराची साथ आली, तेव्हा ज्यांना पूर्वी गोवर झालेला नव्हता अशा मुलांपैकी दिवे नसलेल्या वर्गांत निम्म्याहून अधिक आजारी पडली. दिवे असलेल्या वर्गांत हे प्रमाण त्याच्या चौथाईच्या आसपास होते. मोठाच विजय, असे वाटले. पण इतरांनी दुसऱ्या गावांतील शाळांत तोच प्रयोग केला तेव्हा तेवढा फरक दिसला नाही. कारण काय? तेथील मुले एकाच बसमध्ये दाटीवाटीने बसून शाळेत येत-जात असत. वर्गात गाळलेली हवा मिळाली, पण बसमध्ये न गाळलेली. प्रयोगाचा दोष बसमध्ये होता, तरी नाव मात्र वेल्स यांचे बद्दू झाले.

वेल्स हटले नाहीत. त्यांचे शिष्य डॉ. रिचर्ड रायली यांच्या साहाय्याने बाल्टिमोर शहरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी १९५० नंतरच्या दशकात जो प्रयोग उभारला, तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटतो. सहा खाटांचा क्षयरोग्यांचा एक कक्ष घेतला. त्यातील हवा नळांवाटे वर नेऊन एका बंद दालनात सोडली, आणि त्या दालनात दीडशेच्या आसपास गिनीपिग ठेवले. रोग्यांचा आणि प्राण्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ना स्पर्श, ना थुंकी, ना भांडे. संबंध फक्त हवेचा. पहिल्या दोन वर्षांत, महिन्याला सरासरी तीन या हिशेबाने, गिनीपिगांना क्षय होत गेला. तरी शंका काढणारे म्हणाले, चाऱ्यातून किंवा पाण्यातून झाला असेल. म्हणून दुसऱ्या टप्प्यात दोन दालने केली. दोन्हींत तीच हवा, फक्त एका दालनात जाणारी हवा वाटेत अतिनील किरणांखालून नेली. त्या दालनातील एकाही प्राण्याला क्षय झाला नाही. याच प्रयोगातून हेही दिसले की औषध चालू केलेल्या रुग्णाकडून होणारा प्रसार पुष्कळच कमी असतो. क्षयाच्या रुग्णाला वाळीत टाकणाऱ्या शेजाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परळला गिनीपिगांनी हवेला निर्दोष ठरवले होते. बाल्टिमोरला त्याच प्राण्यांनी तिच्यावर गुन्हा शाबीत केला. वेल्स १९६३ साली वारले. क्षयरोगापुरते त्यांचे म्हणणे जगाने मानले, पण इतर रोगांच्या बाबतीत चेपिन यांचाच शब्द चालू राहिला.

आता खऱ्याखुऱ्या गाळणीकडे वळू. तिचा जन्म रुग्णालयात झाला नाही, युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी एक खास कागद वापरात आला होता. गवताच्या तंतूंत ॲस्बेस्टॉसचे अतिबारीक तंतू मिसळून तो केलेला असे. पुढे अमेरिकेत अणुबाँबच्या कामात किरणोत्सारी धुळीचा कणही बाहेर जाऊ नये म्हणून याच कागदाच्या घड्या घालून मोठ्या गाळण्या बनवण्यात आल्या. आज तिला 'हेपा' गाळणी म्हणतात. ॲस्बेस्टॉस घातक ठरल्याने त्याच्या जागी काचेचे तंतू आले. सर्वांत अवघड आकाराच्या, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या, कणांपैकी शेकडा ९९.९७ कण तिने अडवले पाहिजेत अशी अट आहे. दहा हजारांतून फार तर तीन सुटावेत.

'सर्वांत अवघड' असे का म्हटले, ते पाहणे मौजेचे आहे. आपल्याला वाटते की गाळणी म्हणजे चहाची गाळणी. छिद्राहून लहान ते खाली जाणार. ही गाळणी तशी नाही. तिला बाभळीचे दाट रान समजा. भरधाव धावणारा बैल वळणावर वळू शकत नाही, तो झाडावर आदळतो. मोठे कण असे अडकतात. मध्यम कण कडेने घासून जाताना फांदीला चिकटतात. आणि अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात झिंगलेल्या माणसासारखे इकडेतिकडे भेलकांडत जातात, म्हणून तेही कुठे ना कुठे आपटतातच. बैलाइतका वेगाचा नाही आणि झिंगलेलाही नाही, असा मधला कणच काय तो निसटण्याचा संभव अधिक. म्हणून परीक्षा त्याची घ्यायची. 'विषाणू ०.३ मायक्रॉनहून लहान, तो गाळणीतून सहज जाईल' असे जे सांगितले जाते ते त्यामुळेच चुकीचे आहे.

हे गणित महायुद्धाच्या काळात मांडले ते आयर्विंग लँगमूर यांनी, ज्यांना १९३२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. आणि गंमत पाहा, वेल्स यांच्या सिद्धांतावर अनेक वर्षे अविश्वास दाखवणाऱ्या अमेरिकन साथरोगतज्ज्ञांत अग्रभागी असलेले डॉ. अलेक्झांडर लँगमूर हे त्यांचे सख्खे पुतणे! काकाने हवेची गाळणी समजावून दिली आणि पुतण्या म्हणत राहिला की हवा गाळण्याची गरज आहे हे कुठे सिद्ध झाले आहे? पुतण्याने उतारवयात, १९८० साली, आपल्या मताचा फेरविचार लिहून प्रसिद्ध केला, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारेच झाले.

रुग्णालयात गाळणी आली ती शस्त्रक्रियेच्या खोलीतून. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली हे खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे जनक. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी शेकडा सातांच्या आसपास जणांची जखम चिघळे. हवेतून जंतू पडत असावेत असा संशय येऊन त्यांनी ह्यू हॉवर्थ नावाच्या अभियंत्याला गाठले, ज्यांची कंपनी कापड गिरण्यांतील हवेची व्यवस्था करीत असे. दोघांनी मिळून शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचघरासारखी खोली उभारली आणि तिच्यात गाळलेली हवा वरून सोडली. १९६० नंतरच्या दशकात चिघळण्याचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली उतरले. गिरणीतल्या कापसाच्या धुळीशी झुंजणारी विद्या माणसाच्या हाडापर्यंत पोहोचली ती अशी. श्रेय एकट्या हवेचे नव्हते, कपडे आणि इतर काळजीही वाढली होती; पण १९८२ साली १९ रुग्णालयांतील आठ हजारांवर शस्त्रक्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही साध्या हवेत शेकडा १.५ आणि अतिशुद्ध हवेत ०.६ असा फरक आढळला.

शस्त्रक्रियेच्या टेबलाला मिळालेली ही गाळणी शाळेला मात्र मिळाली नाही. १९७४ साली अमेरिकेतील रोचेस्टर शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत एका मुलीला गोवर झाला. तिच्यापासून २८ मुलांना लागण झाली, आणि ती मुले १४ निरनिराळ्या वर्गांतली होती. ज्या वर्गांत ती कधी बसलीही नव्हती तेथेही गोवर पोहोचला, कारण इमारतीतील यंत्र एका वर्गाची हवा ओढून, नीट न गाळता, पुन्हा साऱ्या वर्गांत वाटत होते. १९७७ साली अलास्कात एक विमान बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवर थांबले. आत हवा खेळती ठेवणारे यंत्र बंद होते आणि एका प्रवाशाला फ्लू होता. तीन दिवसांच्या आत शेकडा ७२ प्रवासी आजारी पडले. आज मोठ्या प्रवासी विमानांत केबिनची हवा हेपा गाळणीतून फिरवली जाते.

इतके सारे लिहिलेले असताना २०२० साल उगवले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. ते आपण सर्वांनी भोगले आहे आणि आपल्या मोहल्ल्यांतून त्या वर्षी व त्यानंतरच्या वर्षी किती जनाजे निघाले ते सांगण्याची गरज नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला ठासून सांगितले की कोविड हवेतून पसरणारा रोग नाही. त्याआधीच १० मार्चला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला होता. हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य ठेवलेले होते, गळाभेटी टाळलेल्या होत्या. उपस्थित ६१ पैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. हातांनी नव्हे, हवेने. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेकडे लक्ष द्या म्हणून विनवले. त्या काळात आपण भाज्या साबणाने धुतल्या, दाराच्या कड्या पुसल्या, आणि खिडक्या मात्र बंदच ठेवल्या. चेपिन यांचे भूत शंभर वर्षांनंतरही आपल्या घरात वावरत होते. संसर्गजन्य कण हवेतून जातात आणि ते लहान-मोठे सर्वच आकारांचे असतात, अशा स्पष्ट शब्दांतील अहवाल त्या संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. वेल्स यांच्या निबंधाला तेव्हा ९० वर्षे झाली होती.

त्या साथीत हवेच्या गाळणीला पुन्हा भाव आला. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात कोविडच्या कक्षात हेपा यंत्र ठेवून पाहिले. यंत्र बंद असताना हवेत विषाणू सापडत होता. चालू असलेल्या आठवड्यात सापडला नाही. पुन्हा बंद करताच पुन्हा सापडला. अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी हे प्राध्यापक आणि जिम रोझेंथल हे गाळण्यांचे कारखानदार यांनी त्याहून सोपी युक्ती काढली. चौकोनी पंखा घ्यायचा, चार चौरस गाळण्यांचा खोका करून त्याला चिकटपट्टीने जोडायचा, झाले यंत्र! तेथील कित्येक शाळांतील मुलांनी आणि पालकांनी असे खोके स्वतः बनवून वर्गांत ठेवले. यंत्राने हवेतील जंतू कमी होतात हे निश्चित. मुलांचे आजारपण त्याने नेमके किती घटते याचे मोजमाप अजून चालू आहे, कारण मूल वर्गाबाहेरही श्वास घेते. फिलाडेल्फियाजवळच्या त्या शाळांनंतरची बस आठवा.

यंत्र महाग वाटत असेल तर पेरू देशाची राजधानी लिमा येथील एक अभ्यास सांगतो, जो २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथील रुग्णालयांच्या खोल्यांत तासाला किती वेळा हवा बदलते ते मोजले. यंत्राने हवा बदलणाऱ्या नव्या खोल्यांत तासाला १२ वेळा बदलत होती. नुसत्या खिडक्या-दारे उघडलेल्या खोल्यांत २८ वेळा! आणि त्यांतही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, जुन्या धाटणीच्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. आपल्या गावोगावच्या जुन्या शाळांना समोरासमोर खिडक्या, वर झरोके आणि उंच कौलारू छप्पर असे, ते बांधणारे मिस्त्री वेल्स यांचे नाव जाणत नव्हते. आज आपण वर्ग ठेंगणे बांधतो, रस्त्याचा गोंगाट नको म्हणून काचा लावतो, आणि आत साठ मुले बसवतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हे ध्यानात घेऊन त्या काचांकडे पाहावे.

अर्थात खिडकीलाही मर्यादा आहे. वारा पडला तर ती निरुपयोगी, पावसात ती बंद, आणि बाहेरच धूर व धूळ असेल तर ती उघडून सुख नाही. तेथे गाळणीचे काम सुरू होते. गाळणीचीही एक मर्यादा सांगतो. ती कण अडवते, पण आपण सोडलेला कर्बवायू अडवत नाही, त्यामुळे कोंडलेल्या खोलीत ती लावूनही मुले पेंगतील. बाजारात 'ओझोन' सोडून हवा शुद्ध करणारी म्हणून जी यंत्रे विकली जातात ती फुप्फुसाला अपायकारक असतात, ती घेऊ नयेत. गाळणी वेळेवर बदलावी लागते. आणि यंत्राचा आवाज होतो म्हणून शिक्षक ते बंद करून ठेवतात, हेही जगभर आढळून आले आहे. त्यावर उपाय म्हणजे एक मोठ्या आवाजाचे घेण्याऐवजी दोन घेऊन मंद गतीवर चालवणे.

विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब करून दाखवतो. तुमचा वर्ग २५ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे असे धरा. म्हणजे त्यात ५,००० घनफूट हवा आहे. तासाला सहा वेळा ती गाळायची तर ३०,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला ५०० घनफूट हवा गाळणारे यंत्र पाहिजे. झोपण्याच्या खोलीसाठी विकले जाणारे लहान यंत्र पुष्कळदा याच्या निम्मीही हवा गाळत नाही. म्हणून डब्यावरचे चित्र न पाहता तो आकडा पाहावा. आता दुसरा भाग. खोलीतील शेकडा ९९ कण निघून जायला तासाला दोन वेळा हवा बदलत असेल तर १३८ मिनिटे लागतात, सहा वेळा बदलत असेल तर ४६, आणि बारा वेळा बदलत असेल तर २३. आपल्या शाळेचा एक तास साधारण ३५ मिनिटांचा असतो. फूटपट्टी किंवा टेप घेऊन आपापला वर्ग मोजा, खिडक्या किती, त्यांतल्या खरोखर उघडतात किती, ते वहीत लिहा, आणि पहिल्या तासाला खोकलेल्या मुलाचा खोकला मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात शिल्लक राहतो की नाही, याचे उत्तर स्वतः काढून पाहा.